खंबा हलत नव्हता

"काका, ब्रॅकेट थोडं उजवीकडे फिरवा. डब्याचं तोंड शेडकडे यायला पाहिजे," खालून कंपनीतली इंजिनिअर स्वानंदी म्हणाली.

शरदने ऐकलं. ब्रॅकेट अजून खांद्याच्या पिशवीतच होतं, ते तिला खालून दिसत नव्हतं. त्याने दोन्ही हातांनी शिडी धरली होती, गाल खांबाच्या गार पाइपाला टेकवला होता आणि डोळे मिटून घेतले होते. एक हात सोडायचा, पिशवीतून ब्रॅकेट काढायचं, स्टीलचा पट्टा खांबाभोवती गुंडाळून आवळायचा, मग त्यावर वायफायचा डबा बसवायचा. हे काम त्याने झोपेतही केलं असतं. पण आज हात सुटेना. कमरेला सेफ्टीचा पट्टा होता, पट्ट्याचा हूक खांबाला अडकवलेला होता, पडायची काही भीती नव्हती. हे डोक्याला कळत होतं. पायांना कळत नव्हतं. डाव्या पायाची पोटरी अशी थरथरत होती की शिडीची पायरी बारीक वाजायला लागली होती.

"काका? काही झालं का?"

शरदने डोळे उघडले आणि नको तेच केलं, खाली पाहिलं. बागेतल्या शेडमध्ये स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं पुस्तकं मिटून वर बघत होती. कॉलनीचे सेक्रेटरी पागनीस कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांच्या शेजारी बागेची देखभाल करणारे शंकरराव. हा खांब शंकररावांनीच उभा केला होता. सगळ्यांचे चेहरे वर, त्याच्याकडे. खालची सगळी बाग हळूहळू वर येतेय असं वाटायला लागलं.

"खंबा हलून राहिला," शरद म्हणाला. "खालून फाउंडेशन कच्चं आहे. असं काम नाही होणार."

आणि तो उतरला. एकेक पायरी पायाने चाचपत, पण चेहऱ्यावर वैतागलेल्या मिस्त्रीचा भाव आणून. जमिनीला पाय लागले तेव्हा त्याच्या शर्टाची पाठ पार भिजली होती.

शरद टोणपे इंदूरच्या जुनी इंदूर मोहल्ल्यातला. केबल टीव्हीच्या काळापासून आताच्या इंटरनेट कंपनीपर्यंत त्याची जिंदगी उंचावरच गेली. या गच्चीवरून त्या गच्चीवर केबलचं भेंडोळं फेकायचं आणि मागोमाग आपणही उडी मारायची. "शरद भिया को बुलाओ, वो सीढ़ी नहीं माँगता," असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि शरद ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. शिक्षण जेमतेम, बोलणं त्याहून कमी. माणसाकडे मिरवायला काहीतरी लागतं. त्याच्याकडे उंची होती.

मागच्या थंडीत सांवेरला एका सोयाबीनच्या गोदामावर डिश बसवायला तो चढला होता. पाय घसरला नाही, पत्रा तुटला नाही, काही म्हणजे काही झालं नाही. त्याने सहज खाली पाहिलं, आणि खालचं अंगण वर येतंय असं वाटलं. बस. पत्रे निवेपर्यंत तो छपराच्या कण्याला मिठी मारून बसून राहिला. खाली आल्यावर गोदामाच्या मालकाला म्हणाला, स्क्रू कमी पडले, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी त्याने दुसऱ्याला पाठवलं.

तेव्हापासून हेच चाललं होतं. चढायचं काम आलं की कधी कंबर धरल्याचं सोंग करायचं, कधी ठेकेदाराच्या माणसांना पुढे करायचं. कुणाला पत्ता लागू दिला नव्हता, सुलोचनालासुद्धा नाही. बायको पंखे पुसायला काढणार असं दिसलं की तो भाजी आणायच्या निमित्ताने बाहेर पडायचा. आज ठेकेदाराची माणसं देपालपुरला लग्नाला गेली होती आणि संध्याकाळी कॉलनीच्या वायफायचं उद्घाटन होतं. ऑफिसात स्वानंदी सगळ्यांसमोर म्हणाली होती, "त्यात काय, शरदकाका आहेत ना." मग नाही कसं म्हणणार?

"हलतोय म्हणजे?" पागनीस विचारत होते. यशवर्धन पागनीस मूळचे पुण्याचे, पीथमपूरच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. "संध्याकाळी पाहुणे येतायत. खुर्च्या मांडून झाल्यात. आणि तुम्ही आत्ता सांगताय?"

"मी काय करू साहेब? वर गेल्यावरच कळतं."

पागनीसांनी शंकररावांकडे मोर्चा वळवला. "शंकरराव, मी तुम्हाला विचारलं होतं की नाही, बाहेरचा ठेकेदार बोलवू का म्हणून? तुम्हीच म्हणालात, मी करतो. फौजेत खांब उभे केलेत म्हणालात."

"हो साहेब. गड्डा मीच केला होता. गिट्टी, सिमेंट, सगळं बराबर टाकलं."

"मग हलतो कसा?"

शंकरराव महूचे. त्यांचे वडील फौजेत, तेही फौजेत. निवृत्त होऊन वर्षं उलटली तरी शर्टाची घडी मोडू न देणारा माणूस. त्यांनी पुढे होऊन खांबाला दोन्ही हातांनी धक्का दिला. खांब हलला नाही. त्यांनी वर टोकाकडे पाहिलं, मग शरदकडे पाहिलं. शरद शिडीची दोरी सोडवण्यात गुंतला.

"खालून नाही कळत," तो मान वर न करता म्हणाला.

"जमत नसेल तर सांगायचं असतं, शंकरराव," पागनीस म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण शेडमधल्या शेवटच्या पोरापर्यंत पोचत होता. "वयाप्रमाणे झेपेल तेवढंच घ्यावं माणसानं. आता काय ते बघा. फोडा, पुन्हा भरा, काय करायचं ते करा. पण पाहुणे यायच्या आत."

"हो साहेब," शंकरराव म्हणाले आणि बागेच्या कोपऱ्यातल्या खोलीकडे गेले. येताना त्यांच्या हातात पहार होती.

शरद कॉलनीच्या क्लबच्या खोलीत जाऊन बसला. स्वानंदीने वायफायचा पांढरा डबा टेबलावर ठेवून छोट्या केबलने जोडला होता आणि लॅपटॉपवर त्याचं सगळं जुळवून घेत होती. वीज आणि इंटरनेट एकाच केबलमधून वर जाणार होतं; इथे नाव-पासवर्ड टाकून ठेवलं की वर नुसतं टांगायचं, शेवटची केबल जोडायची, काम फत्ते. हिरवा दिवा लागलाही होता.

"काका, मीसुद्धा खंबा हलवून बघितला," ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. "मला तर काही वाटलं नाही."

"वरून कळतं, बेटा."

"हां, ते पण आहे. तुम्ही म्हणताय म्हणजे असेलच."

तिला काही संशय नव्हता. तिने त्याच्या शब्दावर भरवसा ठेवला होता. शरदने चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

बाहेर पहारीचा पहिला घाव पडला. चांगल्या सिमेंटवर लोखंड पडलं की जो आवाज येतो, टणक, खणखणीत, तसाच आवाज. कच्चं फाउंडेशन असा आवाज करत नाही. ते भसकन दबतं. शरदला ते ठाऊक होतं. पहार मारणाऱ्यालाही ठाऊक असणारच. तरी घाव पडतच होते. मध्ये थोडा वेळ थांबत होते, म्हातारा दम घेत असेल, आणि पुन्हा सुरू होत होते.

शरद उठून दारात आला. शंकररावांनी शर्ट काढून फांदीला नीट लटकवला होता. बनियनवर घाम आला होता. खांबाच्या बुडाशी सिमेंटचा थोडासा कोपरा उडाला होता, बाकी जागचं हलत नव्हतं. शेडमधली पोरं आता अभ्यास करत असल्याचं दाखवत होती. म्हातारा माणूस असा राबत असताना कुठे बघावं हे त्यांना समजत नसावं.

"शंकररावजी, बसा थोडं," शरद जवळ जाऊन म्हणाला. "पाणी प्या."

शंकररावांनी पहारीवर हात टेकला. "नाही, होऊन जाऊ द्या." मग शरदला नव्हे तर खांबालाच सांगितल्यासारखं म्हणाले, "तेच तर समजून नाही राहिलं. मला तर याद आहे, माल बराबर टाकला होता. पण तुम्ही वर जाऊन बघून आले, तुम्ही झूठ कशाला बोलाल? माझीच काही गलती झाली असेल. उमर झाली ना. आता आपल्याच हाताचा भरोसा नाही राहिला."

हे वाक्य शरदचं स्वतःचं होतं. सांवेरहून परतताना बसच्या खिडकीशी बसून तो हेच मनात घोळवत आला होता, आणि तेव्हापासून रोज. आज त्याने ते उचलून या माणसाच्या तोंडात घातलं होतं. ज्या माणसाचे हात शाबूत होते, त्याला त्यांच्याविषयी शंका घ्यायला लावली होती. उद्या हा माणूस साधं आळं खणतानाही स्वतःला दोनदा विचारील.

शंकररावांनी पहार पुन्हा उचलली. शरदने ती मधेच धरली.

"खंबा नाही हलत," तो म्हणाला.

"काय?"

"नाही हलत. कधीच नाही हलला." पागनीस खुर्च्यांच्या रांगा बघत इकडेच येत होते. आत्ता बोललो नाही तर बोलणं होणार नाही, हे त्याला कळलं. "साहेब, खंबा पक्का आहे. मीच घाबरलो. माझ्याने वर चढवत नाही आता. चक्कर येते, हात सुटत नाहीत. यांच्या कामात काही खोट नाही. मी खोटं बोललो."

शेडमध्ये कुणाचं तरी पान उलटायचं राहिलं. स्वानंदी दारात येऊन उभी होती.

"अहो, मग हे आधी सांगायचं," पागनीस म्हणाले. पण मघाचा सूर त्यांच्या आवाजात राहिला नव्हता. ते शंकररावांकडे वळले, काही बोलावं असं त्यांना वाटलं असणार. पण नुसताच चष्मा पुसला आणि फोन आल्यासारखं करून बाजूला झाले.

शंकरराव उडालेल्या सिमेंटच्या कोपऱ्याकडे बघत होते.

"तर मग मी हे कशाला फोडलं?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. खरोखरच विचारलं.

माफी मागायला शरदने तोंड उघडलं, पण समोरच्या घामाने भिजलेल्या बनियनपुढे तो शब्द फार लहान वाटला. तो खाली मान घालून उभा राहिला.

स्वानंदी जवळ आली. तिने ओढणी कमरेला बांधली होती.

"पट्टा द्या काका. मी चढते."

"तू कधी चढली आहेस का?"

"नाही. तुम्ही सांगा तसं करते."

त्याने तिच्या कमरेला पट्टा बांधला, हूक दोनदा ओढून बघितला. शिडीचा एक पाय त्याने धरला. दुसरा धरायला कुणाला बोलवावं म्हणून मान वर केली, तर शंकरराव शर्ट घालून, बटणं लावून पलीकडे येऊन उभे होते. त्यांनी शरदकडे पाहिलं नाही. पण शिडी मात्र घट्ट धरली.

शरद खालून सांगत राहिला. आधी हूक अडकव. खाली बघू नको, पाइपाकडे बघ. स्टीलचा पट्टा एकदम आवळू नको, आधी डब्याचं तोंड शेडकडे कर. केबल खालच्या बाजूने आत घे आणि तिला थोडा झोळ ठेव, म्हणजे पाणी डब्यात न जाता तिथूनच गळून पडेल. रबर नीट बसव, मग झाकण फिरव. ती तसं तसं करत गेली. एकदा तिच्या हातून पाना सुटता सुटता राहिला, तेव्हा खालच्या दोघांचेही हात शिडीवर एकाच वेळी आवळले गेले.

दिवा आधी नारिंगी झाला, मग हिरवा. शेडमधून एका पोरीने सांगितलं, "आ गया, दीदी."

खाली उतरल्यावर स्वानंदी पट्टा सोडता सोडता हळूच म्हणाली, "ऑफिसात मी काही बोलणार नाही, काका."

शरदने मान हलवली. "बोल. नाहीतर उद्या पुन्हा कुणाचा तरी खंबा हलेल."

स्वानंदीचे डोळे भरून आले होते, ते त्याला नको होतं, म्हणून तो हत्यारं गोळा करायला वळला. उद्या ऑफिसातले साहेब त्याला बोलावतील. कंपनीच्या गोदामात बसवतील, केबल मोजून द्यायला. किंवा तेही नाही. घरी सुलोचनाला सांगावं लागेल. ती आधी हसेल, मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून गप्प होईल.

संध्याकाळी पाहुणे आले. बागेच्या दुसऱ्या टोकाला हार, माइक, सामोसे. शरद मात्र खांबाच्या बुडाशी उकिडवा बसून फुटलेला कोपरा भरत होता. सिमेंट त्याने स्वतः आणलं, स्वतः कालवलं. शंकररावांच्या खोलीतली थापी मागायचा धीर झाला नाही, म्हणून हातानेच लिंपत होता. शंकरराव मागे येऊन उभे राहिले.

"पाणी जास्त झालं," ते म्हणाले.

"हो," शरद म्हणाला, आणि थोडं कोरडं सिमेंट वर भुरभुरलं.

माइकवरून पागनीसांचा आवाज आला. फोटोसाठी सगळ्यांनी पुढे यावं. स्वानंदी मॅडम या, आणि ज्यांनी खांब उभारला ते आपले शंकररावही या. शंकररावांनी शर्ट खाली ओढून सरळ केला, केसांवरून हात फिरवला आणि चालू लागले. चार पावलं जाऊन ते थांबले.

"तुम्ही पण चला," मान थोडी मागे वळवून ते म्हणाले.

शरदने सिमेंटने भरलेले दोन्ही हात वर करून दाखवले, आणि पुन्हा ओल्या सिमेंटमध्ये घातले.