मानाची मशीन

जॅनेट बाई सकाळपासून शाळेच्या संगणकखोलीत गुडघ्यांवर बसून वायरी ओढत होत्या. निवासी शाळेच्या प्रवेशाची ऑनलाइन परीक्षा दुपारी होती, आणि परीक्षेचं सॉफ्टवेअर सगळ्या मशिनींवर चालायला हवं होतं. मशिनी तरी कशा! एक बँकेनं टाकून दिलेली, एक पंचायतीतली, बाकीच्या कुठून आल्या ते देवाला ठाऊक. नव्या म्हणाव्यात त्या चारच, गावकरांच्या भावकीनं मुंबईहून पाठवलेल्या.

आता खरी मेख इथंच. या गावात पालखीला पहिला खांदा कुणाचा, होळीला पहिला नारळ कुणाचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. तोच मान संगणकखोलीत शिरला. नव्या मशिनींवर मानकऱ्यांची मुलं, जुन्या डबड्यांवर खालच्या वाडीतली. नव्या मशिनीला त्यांनी हातसुद्धा लावायचा नाही. नोटीस कुठंच नाही हो! शिकलेली माणसं असल्या गोष्टी लिहून ठेवत नाहीत, नुसत्या पाळतात.

जुन्या मशिनींवर सॉफ्टवेअर काही केल्या चढेना. शेवटी बाईंनी ते एका नव्या मशिनीवर चढवलं आणि वायरी जोडून जुन्या मशिनी तिच्यावरच चालवल्या. जुन्यांचे नुसते पडदे, काम सगळं त्या नवीचं. पडदे उजळले तशी खालच्या वाडीतली आठवीची लक्ष्मी पुढं झाली.

"बाईनू, ह्यात पास झालंय तर फुडे शिकूक गावतला. नायतर आवशीवांगडा काजूच्या कारखान्यात."

"आईबरोबर कारखान्यात नाही जायचं तुला. बस आणि सोडव," बाई म्हणाल्या.

परीक्षा सुरू झाली. थोड्या वेळानं शाळा समितीचे अध्यक्ष सुदेश गावकर आपल्या लेकीला, पूजाला बघायला आले. त्यांची नजर तिच्या मशिनीमागच्या वायरीवर गेली.

"बाईनू, ही वायर खंय जाता?"

बाईंनी सरळ सांगून टाकलं.

"म्हणजे आमच्या मशिनीर खालच्या वाडीतल्यांचा काम चलता? भावकीन मशिनी ह्येच्यासाठी धाडल्यान?"

"मशीन शाळेची आहे. परीक्षा चालू आहे, नंतर बोलू."

"आधी वायर काढा!"

"मी नाही काढणार."

गावकर खाली वाकले आणि त्यांनीच ती उपटली. जुन्या मशिनींची अख्खी रांग जागच्या जागी थिजली. लक्ष्मीचं गणित अर्ध्यावरच राहिलं.

"बाईनू, माझा काय चुकला?" ती रडवेली झाली.

मुख्याध्यापक धावत आले. गावकरांकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "परीक्षा अधिकाऱ्यांना नेटवर्क गेलं म्हणून कळवा, बाई. आपल्याला याच गावात राहायचंय."

बाईंची नोकरी कंत्राटी, आणि कंत्राटावर सही याच अध्यक्षांची. तरी त्यांनी फोन लावला. आवाजही सगळ्यांना ऐकू जाईल असाच ठेवला.

"तांत्रिक बिघाड आहे का?" परीक्षा अधिकाऱ्यानं विचारलं.

"नाही साहेब. वायर काढली. अध्यक्ष सुदेश गावकर यांनी काढली. खालच्या वाडीतली मुलं नव्या मशिनीवर परीक्षा देतायत म्हणून. साक्षीदार मी, आणि हा अख्खा वर्ग."

पलीकडून लगेच हुकूम आला.

"वायर लावा. उत्तरं इकडं शाबूत आहेत, गेलेला वेळ मुलांना मिळेल. आणि हे सगळं मला लेखी हवंय."

वायर गावकरांच्या पायाशी पडली होती. मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघू लागले. बाई पुढं निघाल्या, पण लक्ष्मी आधीच उठली होती.

"वायच बाजूक सरा," ती गावकरांना म्हणाली.

ते हलले नाहीत. मग पूजाच बोलली, "बाबा, सर मरे! माझो पण येळ जाता."

गावकर सरकले. लक्ष्मीनं वायर उचलली, एक हात नव्या मशिनीवर टेकला आणि दुसऱ्यानं ती बसवली. रांगेतले पडदे पुन्हा चालू झाले. ती जागेवर जाऊन बसली, डोळे पुसले आणि अडलेलं गणित सोडवू लागली.