रिस्पॉन्सिबलच्या पुढची जागा

पहिला कागद

संस्थेने तीन कागद दिले. वर छापील मथळा, खाली सहीची रेघ, मधे कोरं. त्या कोऱ्यात जवळच्या माणसाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत, इंग्रजीत लिहून द्यायचं. खाडाखोड चालणार नाही. घरटी तीन कागद, चौथा मागू नये. शुक्रवारी चारच्या आत खिडकीवर.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, आणि त्याच्या शर्टाची बटणं मी लावते. एकोणीस वर्षं तो संस्थेत राहतोय. दिवसभर टेबलाशी बसून पाकिटांत स्क्रू भरतो. एका पाकिटात आठ. आठ झाले की पाकिटावर बरोबरची खूण. सातच भरले असतील तर तो जेवायलाही उठत नाही. मी दोन गल्ल्या पलीकडे लोकांचे कपडे उसवून लहान-मोठे करून देते आणि दुकानाच्याच माळ्यावर झोपते, जिथे माझ्या एकटीचाही पाय सरळ होत नाही. रोज संध्याकाळी सहाला दादाकडे जाते.

आता संस्था इथलं काम आवरतं घेतेय. ज्यांचं जवळचं माणूस जबाबदारी लिहून देईल ते इथेच राहतील. बाकीचे मोठ्या केंद्रात. मोठं केंद्र चौदा तासांवर. चौदा तासांवर रोज सहाला पोचता येत नाही. एवढीच गोष्ट आहे.

पहिला कागद माझा मीच घेतला. आय अ‍ॅम रिस्पॉन्सिबल. इथपर्यंत अक्षरही चांगलं आलं. पुढे दादा लिहायचा होता. दोघांच्या मधे काहीतरी लागतं हे माहीत होतं. काय लागतं ते माहीत नव्हतं. पेन टेकवून विचार करत बसले, आणि जेव्हा खाली पाहिलं तेव्हा शाईचा ठिपका वाटाण्याएवढा झाला होता.

दुसरा कागद

मामाला बोलावलं. आमच्या घराण्यातलं सगळं इंग्रजी मामाच्या हातून जातं. एकतीस वर्षं तारमास्तर. कोणाचा अर्ज असो, कोणाचा दाखला असो, मामा चष्मा पुसतो आणि आम्ही सगळे गप्प बसतो. त्याने लिहिलेलं आमच्यापैकी कोणी कधी वाचलेलं नाही.

"लिही," मामा म्हणाला. "सिस्टर रिस्पॉन्सिबल ब्रदर. स्टॉप. ब्रदर स्टे. स्टॉप."

"आणि मधलं?"

"मधलं काय?"

"रिस्पॉन्सिबल आणि ब्रदरच्या मधे एक छोटा शब्द येतो ना, मामा?"

"येत असेल. मी तो काढायचो."

मी पेन खाली ठेवलं.

"अगं, तारेला शब्दामागे पैसे पडायचे. लोक पानभर लिहून आणायचे. मी पेन्सिल घ्यायचो आणि बारीकसारीक शब्द उडवायचो. निरोप तोच, खर्च निम्मा. बायका दुवा द्यायच्या काउंटरवर."

"म्हणजे तुम्हाला ते शब्द येत नाहीत."

"येतात की. काढता येतात."

"घालायचे असले तर?"

मामाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग पुन्हा काढला. "कुठला कुठे बसलेला असायचा ते कोणी बघितलंय? दिसला की उडव. घाई असायची गं. माणसं मरत असायची."

मग फोनवर शोधलं. फोन म्हणाला, फॉर बरोबर आहे. टूसुद्धा बरोबर आहे. खाली नमुन्याची वाक्यं होती. फॉरच्या खाली: अपघाताला चालक जबाबदार होता. आगीला पहारेकरी जबाबदार होता. टूच्या खाली एक नोकर होता आणि एक साहेब होता.

"ऑफ घाल," मामा म्हणाला. "ऑफ म्हणजे चा, ची, चे. तुझाच तर आहे तो."

"फोनमध्ये ऑफ नाहीये."

"फोनला भाऊ आहे का?"

हसले मी. हसता हसता फॉर लिहून टाकलं, कारण फोनने ते आधी दिलं होतं. लिहिलं आणि बघत बसले. अपघात, आग, आणि त्यांच्या रांगेत माझा दादा, भांग पाडून. नाही. मी काही त्याला असा केलेला नाही. आई गेली तेव्हा त्याला संस्थेत ठेवलं ते मात्र मीच. त्या दिवशी त्याने फाटकाचे गज मोजले होते आणि मी मागे वळून पाहिलं नव्हतं.

ते फॉर तिथे राहू देणं मला जमेना.

जे बसत नाही ते उसवायचं, ही माझ्या हाताची सवय. शिवण उसवायचं पातं खिशातच असतं. मी त्या पात्याने ते तीन अक्षरांचं फॉर अलगद खरवडायला घेतलं. एफ निघाला. ओ निघाला. आरच्या पायाशी कागदाला भोक पडलं.

मामा भोकातून टेबलाकडे बघत होता. "कापड असतं तर रफू केलं असतंस," तो म्हणाला.

तिसरा कागद

तिसऱ्या कागदावर सगळं लिहिलं आणि ती जागा मोकळी सोडली. बोटभर. ठरवलं, खिडकीवरच विचारायचं, तिथल्या माणसाला माहीत असणार.

शुक्रवार. पावणेचार. रांगेत माझ्या पुढे दोघं, मागे पाच. दादाची चहाची सुट्टी होती, तो येऊन शेजारी उभा राहिला. मामा पलीकडे बाकावर.

"इथे जागा राहिलीय," खिडकीतला कारकून म्हणाला.

"तेच विचारायचं होतं. इथे फॉर येतं की टू?"

"ते मी नाही सांगू शकत."

"माहीत नाही का?"

"माहीत आहे. पण मी सांगितलं तर ते तुमच्या शब्दांत राहत नाही." त्याने पेनाने काचेवरची सूचना दाखवली. सूचनेत तसंच लिहिलं होतं.

मागचा एक गृहस्थ खांद्यावरून डोकावला. "ऑन लिहा. जबाबदारी डोक्यावर असते ना? डोक्यावर म्हणजे ऑन."

"विथ," आणखी कोणीतरी म्हणालं. "बरोबर राहतात ना तुम्ही? मग विथ."

"बरोबर नाही राहत," मी म्हटलं. "दोन गल्ल्या पलीकडे."

"मग अवघड आहे."

"काहीही लिही बाई," एक म्हातारी म्हणाली, "पण लिही. माझ्या मुलाचा कागद आहे, आणि माझे गुडघे."

बाकावरून मामा म्हणाला, "ती जागा काढूनच टाक. शब्द जवळ जवळ आण." त्याला वाटतं, कागदावर लिहिलेलंही सरकतं.

चारला चार मिनिटं होती. कारकुनाने खिडकीची झडप निम्मी ओढून ठेवली. मी पेन त्या जागेवर नेलं आणि वरच धरून ठेवलं. मला कळत होतं की काहीही लिहिलेलं चालेल, आणि काहीही लिहिता येत नव्हतं.

दादाने कागद पाहिला. मोकळी जागा त्याला सोसत नाही. त्याने माझ्या हातातून पेन घेतलं, ओठ मिटले, आणि त्या बोटभर जागेत बरोबरची खूण केली. सुबक, पाकिटावर करतो तशी. मग पेनाला टोपण लावून मला परत दिलं.

"आठ," तो म्हणाला.

कारकुनाने कागद उलटून पाहिला, उजेडाकडे धरून पाहिला. "खूण आहे," तो म्हणाला. "खाडाखोड नाही." शिक्का मारला आणि झडप खाली आली. म्हातारी बाहेरच राहिली. तिच्याकडे बघायचं मी टाळलं.

चौथा कागद

चौथा कागद संस्थेचा. बुधवारी आला. पानभर इंग्रजी, आणि त्यात ते सगळे होते. विथ, टू, ऑफ, फ्रॉम, बाय, ऑन. एकमेकांना धरून, कुठेही अडलेले नाहीत, जणू जन्मल्यापासून तिथेच बसलेत.

मामाने वाचायला घेतलं. हातात पेन्सिल होती. वाचता वाचता सवयीने एकेक उडवत गेला. शेवटी जे उरलं ते त्याने मोठ्याने म्हटलं, काउंटरवर म्हणायचा त्याच आवाजात.

"लिस्ट फायनल. ब्रदर ट्रान्सफर. मंडे."

"खुणेमुळे का?"

"खुणेचं काही नाही यात." त्याने तारीख दाखवली. पत्रावरची तारीख शुक्रवारच्या आधीच्या आठवड्यातली होती. यादी पक्की झाल्यावर त्यांनी आम्हाला कागद दिले होते.

मामाने पेन्सिलीच्या टोकाकडे पाहिलं. "मी काही चुकीचं काढलं नाही ना?" त्याने विचारलं. पुन्हा वाचलं. तेवढंच उरलं.

सोमवार

गाडीत आठ जागा होत्या, जाणारे सात. दादा चढला, सगळ्यांना बोट लावून मोजलं, आणि खाली उतरला.

"काय झालं?" ड्रायव्हर म्हणाला.

"सात."

"सातच आहेत, दादा. बसा."

दादा बसेना. फाटकाशी उभा राहिला, हात मांडीला घट्ट. मदतनीस बाईने समजावलं, मामाने समजावलं. मग दादाने माझ्याकडे आणि नंतर रिकाम्या सीटकडे पाहिलं.

ड्रायव्हरने घड्याळ बघितलं. "ताई, चौकापर्यंत बसा. पुढे नाही चालणार."

मी बसले. दादाने मोजलं, समाधानाने खिडकीकडे तोंड केलं. फाटक, गल्ली, माझं दुकान, दुकानाच्या दारात लटकलेली कोणाची तरी आखूड करायची पँट. चौक आला. चौक फारच लवकर आला.

त्याच्या कपड्यांची बॅग माझ्या मांडीवर होती. उठताना मी ती सीटवर उभी केली, पट्टा ओढून बांधला. तिचं वरचं बटण उघडं होतं, ते लावलं.

दादाने बॅगेकडे पाहिलं. तिच्यावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

मी खाली उतरले होते. काचेतून त्याचे ओठ हललेले दिसले, पण सात म्हणाला की आठ, ते गाडी सुरू झाल्यामुळे कळलं नाही.