बिनक्लचचा ट्रक

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे आणि मला क्लच नाही. तो तुटला किंवा कुणी काढून नेला असं नव्हे, जन्मतःच नाही. कामशेतला भाताच्या गिरणीमागं कुंपणाला लागून मी उभा असतो. माझ्या हौद्यात आता तुरीच्या काट्या रचून ठेवतात, आणि मला त्याचं काही वाटत नाही. पूर्वी मला बरंच काही वाटायचं. ते कधी थांबलं, हे मात्र मला नेमकं आठवतं.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. एका धरणाच्या कामासाठी परदेशी इंजिनिअरांनी मला बोटीनं इकडं आणलं. माझे गिअर आपोआप बदलतात. माझ्या गिअरच्या डब्यात पातळ, तांबडं तेल असतं, आणि तेच इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचवतं. तेल कमी झालं, की इंजिन नुसतं बोंबलतं आणि चाकं जागची हलत नाहीत. हे तेल इंजिन चालू ठेवूनच बघावं लागतं. इंजिन बंद केलं, की वर चढलेलं तेल खाली डब्यात उतरतं आणि कमी असलं तरी मोजायची काडी भरलेली दिसते. तशी सूचना माझ्या बॉनेटच्या आत एका पत्र्यावर इंग्रजीत कोरलेली होती.

धरण झालं, साहेब लोक गेले, आणि बासष्ट साली लिलावात बाजीरावांनी मला घेतलं. ते या गिरणीचे मालक. लिलावाचा माल म्हणून त्यांनी मला आधी रंगवायला पाठवलं. लोणावळ्याच्या श्रीपती पेंटरनं मला हिरवा रंग दिला. तो फार मन लावून काम करायचा. बॉनेटच्या आतही त्यानं हात फिरवला आणि त्या पत्र्यावर रंगाचा जाड थर देऊन वर पांढऱ्या अक्षरात 'घाटदेव प्रसन्न' असं लिहिलं. अक्षर सुंदर होतं, आणि मीही खूश होतो. नव्याचे नऊ दिवस असतात, ते असे.

माझ्यावर ड्रायव्हर म्हणून युनूस आला. लोणावळ्याचा, तिशीतला, बोलायला कमी. पहिल्या दिवशी त्याचा डावा पाय क्लच शोधत फळीवर आपटत राहिला. बाकीचे ड्रायव्हर त्याला चिडवायचे, "युनूसचा डावा पाय पेन्शनीत निघाला!" तो हसून सोडून द्यायचा. आम्ही मावळचा तांदूळ घेऊन घाट उतरायचो आणि खोपोलीहून मंगळुरी कौलं घेऊन वर यायचो. कौलं भरली असताना मी धक्का न देता गिअर बदलायचो, एक कौल फुटायचं नाही. लोक थांबून बघायचे. तेव्हा मला अभिमान वाटायचा, हे मी लपवत नाही.

बाजीरावांचा एक दंडक होता. घाटातल्या देवळासमोर इंजिन बंद करायचं. "देवाम्होरं घरघर करायची न्हाई," ते म्हणायचे. "नारळ फोडायचा, तितंच तेल-पाणी बगायचं आन् मंग म्होरं जायचं." युनूस मुसलमान, पण घाटात सगळेच ड्रायव्हर त्या देवाला मानतात. तो इंजिन बंद करायचा, कपाळाला हात लावायचा आणि दोन्ही काड्या काढून बघायचा. इंजिनाच्या तेलाला ती रीत अगदी बरोबर होती. माझ्या गिअरच्या तेलाला ती साफ चुकीची होती. पण साहेबांकडचं माझं माहितीपुस्तक लिलावातच गहाळ झालेलं, आणि पत्र्यावर घाटदेव प्रसन्न झालेला.

सहा वर्षं सुखात गेली. मग माझ्या पोटाखालचं, गिअरचं तेल अडवणारं एक सील झिजलं आणि तेल थेंब थेंब गळू लागलं.

हे सगळ्यात आधी पाहिलं ते गंगीनं. ती देवळाच्या पायरीशी फुलं आणि नारळ विकायला बसणारी ठाकरीण.

"युनूस, तुजी गाडी रोज हितं ठिपकं टाकती," ती म्हणाली. "तांबडं हायेत. बाकीच्यांचं काळं असत्यात."

युनूसनं लगेच काडी काढली, फडक्यानं पुसली, पुन्हा घालून पाहिली. "भरलेली हाय, मावशी. हे बग की."

"आसंल बाबा. मला काय कळतंय त्यातलं."

कळत तिलाच होतं. मला ओरडून सांगायचं होतं, पण आम्हा ट्रकांना हॉर्न दिलेला असतो, तोंड नाही.

त्या साली दिवाळीनंतर मी चढावर घसरू लागलो. युनूस ॲक्सिलरेटर दाबायचा, इंजिन गर्जायचं आणि मी गोगलगाईसारखा सरकायचो. गिअर टाकल्यावर बराच वेळ काहीच व्हायचं नाही, मग एकदम धक्का बसायचा आणि मागं कौलं कडकडायची. कामशेतच्या मेकॅनिकनं पेट्रोलचा पंप बदलला, प्लग बदलले, कार्बोरेटर दोनदा धुतला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशातली गत. शेवटी त्यानं निदान केलं, "ड्रायव्हरचा पाय जड हाय."

हे बाजीरावांना पटलं. "आठ दिसांत गाडी सुदी चढली न्हाई, तर चावी ठिवून घरी जायचं," ते युनूसला म्हणाले. त्या दिवसापासून युनूस माझ्याशी बोलायचा बंद झाला. पाय मात्र इतका हलका ठेवायचा, की पेडलवर अंडं ठेवलं असतं तरी फुटलं नसतं. मी तरीही घसरत होतो. नोकरी त्याची जात होती आणि दोष माझ्या पोटात होता.

सातव्या दिवशी खोपोलीत माझी बॅटरी बसली. दुसऱ्या ट्रकच्या बॅटरीवरून मला चालू केलं. वाटेत इंजिन बंद केलं असतं, तर ते पुन्हा चालू झालं नसतं. म्हणून त्या दिवशी पहिल्यांदाच देवळासमोर माझं इंजिन घरघरत राहिलं. युनूसनं देवाची माफी मागितली आणि सवयीनं गिअरच्या तेलाची काडी काढली.

काडी कोरडी होती.

त्यानं ती पुसली, घातली, काढली. कोरडी. नाकाशी नेली, तर टोकाला जळका वास.  तो तसाच रेंगाळत मला खंडाळ्याला मेहबूब मिस्त्रीकडं घेऊन गेला. मेहबूबनं उभी हयात रेल्वेच्या कारखान्यात काढली होती. त्यानं बॉनेट उघडलं, श्रीपतीच्या अक्षरांवर पान्यानं टकटक केली आणि रंग खरवडला. मग बोट ठेवून एकेक शब्द वाचला.

"युनूस, इंजिन चालू ठिवून बगायचं लिहिलंय रे हितं."

"बंद करून बगितलं तर?"

"तर रिकामी बी भरलेली दिसंल. गिअरच्या डब्यातल्या चकत्या जळाल्या आता. नव्या हितं मिळायच्या न्हाईत."

"आन् तेल घातलं तर?"

"चार दिस पळंल. लोकास्नी वाटंल सुदारली. मंग दुसऱ्या कुणाच्या हातात मरंल."

युनूस फूटबोर्डवर बसला. तेल घालून गप्प बसला असता, तर उद्याची मुदत निभली असती, त्यानं दुसरी नोकरी बघितली असती आणि दोष पुढच्या ड्रायव्हरच्या माथी गेला असता. मला वाटलं, तो तसंच करील. मी त्याला दोष दिला नसता.

त्यानं मला गिरणीत आणलं आणि बाजीरावांसमोर उभा राहिला. "मालक, तेल मीच बगत व्हतो. सात वरसं चुकीचं बगत व्हतो. गाडी माज्या हातनं गेली." इंजिन बंद करायचा दंडक कुणाचा, हे तो बोलला नाही. बाजीरावांना ते ठाऊक होतं. चार माणसं ऐकत होती. बाजीरावांनी खाली बघितलं आणि ते म्हणाले, "चावी ठिव."

युनूसनं चावी ठेवली आणि लोणावळ्याच्या रस्त्यानं चालत गेला. त्या दिवसापासून मला काही वाटत नाही. कौलं भरताना वाटायचं ते नाही, रागही नाही. उन्हाळा येतो, पाऊस येतो, माझा पत्रा तापतो आणि निवतो.

काल, आठ वर्षांनी, एक भंगारवाला मला बघून गेला. त्यानं विचारलं, "ड्रायव्हर बेपर्वा व्हता म्हनं?"

बाजीराव थकलेत आता. काठी टेकत ते माझ्या बॉनेटपाशी आले. मग म्हणाले, "न्हाई. डायवर लाखात एक व्हता. रोज तेल बगायचा. बंद करून बग म्हनून मीच सांगितलं व्हतं."

भंगारवाल्यानं मान हलवली आणि माझा पत्रा किती जाड आहे ते बघायला गेला.

मित्रांनो, यंत्राची निगा राखा, आणि राखताना त्याची रीत आधी विचारून घ्या. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. एखाद्याच्या माथी आलेला दोष त्याचा नव्हता हे तुम्हाला ठाऊक असेल, तर ते भंगारवाल्याला सांगू नका. ज्याचं त्याला जाऊन सांगा. युनूसला पुन्हा कुणी ट्रक दिला नाही. तळेगाव इथून अर्ध्या तासावर आहे. गिरणीवर येणारे ड्रायव्हर सांगतात, तो तिथल्या एका गोदामात पोती उचलतो, आणि ती गाडी आपणच मारली, असं अजून समजतो.