सुरईत विझलेला उजेड

एर्लेनब्रॉनच्या झऱ्यावर त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. कुंडाशी पोचायचं तर संत ओटिलियाच्या देवळीच्या भिंतीला खेटून सरकत जावं लागत होतं. आंधळे होते, खोकणारे होते, कुबड्या घेतलेले होते आणि नुसतं बघायला आलेले सगळ्यांत जास्त होते. कुंडातलं पाणी हिरवं चमकत होतं. ते शेवाळ्याचं हिरवं नव्हतं. पाण्याच्या पोटात कुणी दिवा लावून ठेवावा तसं ते दिसे. ऊन पडलं की पाणी पेटे, ढग आला की मंदावे.

"संत ओटिलिया जागी झाली!" कुंडाच्या कठड्यावर उभा राहून बंधू ओस्वाल्ड ओरडत होता. हा माणूस वसंतात गावात आला होता, स्वतःला मठवासी म्हणवत. अंगात तपकिरी झगा, हातांत सदैव पांढरे मोजे. "ज्याने संतेला हात लावला, त्याने संसाराला हात लावू नये" असं तो मोज्यांबद्दल सांगे. "विद्वान म्हणतात पाणी म्हणजे पाणी. अरे, मग पेटवून दाखवा तुमचं विद्यापीठातलं पाणी! हा जिवंत उजेड आहे. पुण्यवंताच्या घरी टिकतो, पाप्याच्या घरी विझतो!"

हे विझण्याचं प्रकरण त्यानेच काढलं होतं. प्रत्येकाने घरची सुरई आणायची. ओस्वाल्ड ती कुंडातून भरून देई, मग त्याच सुरईतलं पाणी काचेच्या पेल्यात ओतून उन्हात धरी. पेला चमकला की घर निर्मळ. त्यामुळे बायका आदल्या दिवशी चुलीतल्या राखेने सुरया घासघासून ठेवत.

प्लोनी रीसने घासली नव्हती. गावातलं एकमेव मद्यगृह ती चालवी. नवरा गेल्या हिवाळ्यात तापाने गेला तेव्हापासून एकटीच. गिऱ्हाइकांना वाढता वाढता ती तशीच उठून आली, निळ्या वेलबुट्टीची सुरई काखेत मारून. ओस्वाल्डने सुरई भरली, पेल्यात ओतली, उन्हात धरली.

पेला विझलेला. फिक्कट, पिवळसर पाणी.

गर्दी मागे सरकली. ओस्वाल्डने आवाज खाली आणला, आणि त्याचा खालचा आवाज वरच्यापेक्षा वाईट होता. "प्लोनी, तुझा नवरा कसा मेला ते तू सांगतेस की संतेने सांगू?"

संध्याकाळपर्यंत गावाचं ठरलं होतं: तिने नवऱ्याला विष घातलं. गावप्रमुख वेन्डेलिन ष्टॉक स्वतः दारात आला. "पुढच्या रविवारी झऱ्यावर सगळ्यांसमोर कबूल कर," तो म्हणाला, "नाहीतर घर सोड. बंधू ओस्वाल्ड म्हणतो, तुझ्या घराची यात्रेकरूंसाठी धर्मशाळा करू."

"बंधूला घराची मापंही ठाऊक असतील," प्लोनी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती चालत विद्यापीठाच्या शहरात गेली, प्राध्यापक आन्सेल्म फालेनबाखकडे. फालेनबाख मूळचा तिच्याच गल्लीतला, रंगाऱ्याचा मुलगा. शिकायला गेला तेव्हा गुरुजनांनी त्याला बजावलं होतं, की झाडाझुडपांत आणि प्राण्यांच्या शरीरात जे पदार्थ तयार होतात त्यांना जीवनशक्ती लागते, ते काचेच्या भांड्यात कधीच होणार नाहीत. "मग ते भांड्याला विचारून बघू," असं उत्तर देऊन त्याने परीक्षकांचा रोष ओढवून घेतला आणि तीस वर्षं भांड्यालाच विचारत राहिला. दगडी कोळशाच्या काळ्या डांबरातून त्याने जांभळे, शेंदरी, पिवळे रंग काढले. मुळ्या उकळून मिळणारा तांबडा रंग मुळीशिवाय केला. देशभर त्याचं नाव झालं आणि एर्लेनब्रॉनमध्ये मात्र नाव गेलं, कारण त्याच्या स्वस्त रंगांनी पहिली थंड पडली ती त्याच्या बापाची कढई. गावाने हे त्याला कधी माफ केलं नव्हतं.

"तू आलीस म्हणजे गोष्ट गळ्याशी आली असणार," तो म्हणाला. त्याची बोटं पेरांपर्यंत केशरी-पिवळी झालेली होती. "सगळं सांग. ऊन होतं?"

"कडक."

"ढगाखाली पाणी मंदावतं?"

"हो. पण माझं उन्हातच विझलं, आन्सेल्म."

"सुरईत आधी काय होतं?"

"काही नाही."

"नीट आठव. अगदी काही नाही?"

"अरे, काही नाही म्हणजे... वाइन होती. तळाशी राहिलेली."

फालेनबाख खुर्चीत मागे रेलला आणि हसत सुटला. एर्लेनब्रॉनमध्ये सफरचंदाची आंबट वाइन सकाळी न्याहारीला असते, दुपारी शेतावर असते, तान्ह्याच्या हिरड्यांना लावली जाते. तिथे तिला कुणी 'काहीतरी' समजत नाही. अख्खं गाव पापाचा शोध घेत होतं. सुरईत वाइन होती का हे कुणी विचारलंच नव्हतं.

"हसू नकोस," प्लोनी म्हणाली. "रविवारी मला हाकलतील."

"रविवारी मी येतो. तू काहीही कबूल करू नकोस."

"मी करणारच नव्हते. तू फक्त ये."

रविवारी तो आला तेव्हा कुणी टोपी काढली नाही. "बापाची कढई विझवलीस," म्हातारी उर्सेल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आता संतेचा झरा विझवायला आलास का?"

"हो, उर्सेलमावशी," फालेनबाख म्हणाला. "आणि तुमच्यादेखतच विझवतो."

ओस्वाल्डने दोन्ही हात आभाळाकडे केले. "बघा! पुस्तकी किडा जिवंत उजेडाशी झुंजायला आला!"

"झुंजतोय कुठे? एक पेला पाणी मागतोय. पेला तुझा, हात तुझा, कुंड तुझं. मी शिवतही नाही."

सगळी गर्दी बघत होती. नाही म्हणणं ओस्वाल्डला शक्य नव्हतं. त्याने पेला भरला. उन्हात तो पाचूसारखा पेटला.

"ष्टॉक," फालेनबाखने गावप्रमुखाला हाक मारली, "तुमच्या हातातल्या सुरईत काय आहे?"

"काही नाही. वाइन आहे."

"तुमच्या घरची? प्यायलात?"

"सकाळपासून पितोय."

"मग यात एक धार सोडा."

ष्टॉकने धार सोडली. चमक गेली. पेल्यात उरलं फिक्कट, पिवळसर पाणी, प्लोनीच्या पेल्यात होतं तेच.

"गावप्रमुख," फालेनबाख म्हणाला, "तुमच्या घरात पाप निघालं. कुणाला विष घातलंत?"

कुणीतरी फिसकन हसलं. ष्टॉक कानापर्यंत लाल झाला. "हे... हे काहीतरी वाइनमुळे..."

"अगदी बरोबर! वाइन आंबट आहे, आणि हा रंग आंबटात विझतो. उर्सेलमावशी, तुमच्या पिशवीत कपडे धुण्याचा सोडा आहे ना? चिमूटभर टाका."

उर्सेलने टाकला. पेला फसफसला. चिमूट पुरली नाही, म्हणून तिने न सांगताच मूठ सोडली, आणि हिरवा उजेड पुन्हा भडकला. तिने हात असा मागे घेतला, जणू भाजला.

"ष्टॉक, तुम्हाला क्षमाही मिळाली," फालेनबाख म्हणाला. "धुण्याच्या सोड्याकडून. बायकांनी राखेने घासलेल्या सुरयांतलं पाणी का चमकत होतं तेही आता कळलं असेल. राख सोड्याचीच बहीण."

"सैतानी विद्या!" ओस्वाल्ड किंचाळला.

"विद्या माझी आहे. हा रंगही माझाच. डांबरातून मीच काढला, आता तो कुणालाही विकत मिळतो. ऊन पडलं की तो ते गिळतो आणि हिरवं करून परत देतो. चिमूटभराने अख्खं कुंड रंगतं. आता ष्टॉक, देवळीच्या मागे जा आणि ज्या दगडी पन्हळीतून पाणी येतं तिच्यात हात घाला."

ष्टॉक गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात ओली फडक्याची पुरचुंडी होती आणि तिच्यातून हिरवी धार त्याच्या बाहीवर ओघळत होती.

"ती मी ठेवलेली नाही!" ओस्वाल्ड म्हणाला.

"मग मोजे काढ," प्लोनी म्हणाली. त्या दिवशी ती पहिल्यांदाच बोलली.

तो काढेना. गर्दीतल्या दोघांनी काढले. बोटं पेरांपर्यंत केशरी-पिवळी होती. फालेनबाखने आपला हात त्याच्या हाताशेजारी धरला. दोन्हींचा रंग एकच. फरक एवढाच, की एकाने हात झाकला होता.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण गर्दी इतक्या सहज शहाणी होत नाही. ओस्वाल्डला धक्के मारत गावाबाहेर नेल्यावर उर्सेल फालेनबाखपुढे गुडघ्यांवर बसली. "प्राध्यापकसाहेब, त्याची परीक्षा खोटी होती. तुमच्याकडे खरी असेल. तुमच्या बाटलीतून बघून सांगा, प्लोनीने नवऱ्याला विष घातलं का?"

आणि गाव उत्तराची वाट पाहू लागलं. ष्टॉकसुद्धा.

"उठा आधी," फालेनबाख म्हणाला. त्याचा आवाज प्रथमच चढला होता. "माझी बाटली पाण्याबद्दल सांगते, बाईच्या मनाबद्दल नाही. आठवड्यापूर्वी तुम्हाला तिच्याबद्दल काही ठाऊक नव्हतं, आणि आजही नाही. मध्ये फक्त एक पेला आला. ष्टॉक, प्लोनीचा नवरा तापात होता तेव्हा उशाशी कोण बसलं होतं?"

"मीच," ष्टॉक पुटपुटला. "मी आणि डॉक्टर."

"विष दिसलं?"

"नाही. ताप होता. विषमज्वर. डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं."

"मग गेला आठवडाभर तुम्ही हे कुणाला सांगितलं?"



"आता सांगा," प्लोनी म्हणाली. "तिथे कठड्यावर उभे राहून. तो जेवढ्या मोठ्याने ओरडला होता तेवढ्या मोठ्याने."

गावप्रमुख कठड्यावर चढला आणि त्याने सांगितलं. प्लोनीने शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं, कुणाचेही आभार मानले नाहीत आणि मद्यगृह उघडायला निघून गेली.

ओस्वाल्डने पाण्यात रंग टाकला, ते त्याचं काम होतं. शेजारणीला खुनी ठरवण्याचं काम गावाने केलं, आणि त्यासाठी कुठलाही रंग लागला नाही. म्हणून वाचकहो, पाणी चमकलं तर का चमकलं ते विचारा. विचारल्याने खरा देव रागावत नाही, रागावतो तो पुजारी. आणि पेला पुढे करून कुणी माणसाचं पाप दाखवू लागला, तर पेल्याकडे बघूच नका. आधी विचारा: पुरावा कुठे आहे?