भूमेश्वरीची अल्टो

नवऱ्याच्या, तिलक बिसेनच्या घरून भूमेश्वरीची अल्टो परत आली, ती ट्रॅक्टरला दोर बांधून. आंदणात दिली तेव्हा नवी कोरी पांढरी गाडी होती. दोन वर्षांनी आली तेव्हा चारही टायर गोटा झालेले, टेप काढून घेतलेला, पुढचा बंपर एका बाजूने लोंबत होता. मागच्या काचेवर मोठ्या अक्षरात 'बिसेन' मात्र शाबूत होतं.

समाजाच्या बैठकीत काडीमोड झाला, तेव्हा ठरल्याप्रमाणे पलंग, कपाट, भांडीकुंडी आधीच आली होती. ती घरात मावली. गाडी कुठे लपवणार? भूमेश्वरीच्या वडिलांनी, मुन्नालाल रहांगडाल्यांनी, ती भाताच्या तणसीच्या ढिगामागे लोटून घेतली, वरून ताडपत्री टाकली आणि शेतावर निघून गेले.

"इकून टाका ते गाडी," आई शामकला रोज म्हणायची. "दारात उभी राह्यली का लोक इचारतेत, पोरगी काऊन वापस आली म्हनून."

पोरगी का परत आली हे खरं तर सगळ्यांना ठाऊक होतं. भूमेश्वरी सोळाव्या वर्षापासून बापाच्या ट्रॅक्टरवर चिखलणी करायची. सासरी मात्र गाडीची चावी तिलकच्या खिशात. एक दिवस सासूला भोवळ आली, घरात पुरुषमाणूस नव्हता. भूमेश्वरीने खुंटीवरच्या पँटच्या खिशातून चावी काढली आणि सासूला घेऊन तालुक्याच्या गोरेगावचा दवाखाना गाठला. सासू शुद्धीवर आली. तिलक धावत आला, आणि दवाखान्याच्या फाटकात, चार लोकांदेखत, त्याने बायकोच्या थोबाडीत मारली.

"कोनाले इचारून चावी घेतली?"

भूमेश्वरीने चावी त्याच्या हातात ठेवली आणि समोर लागलेल्या तिरोड्याच्या बसमध्ये चढली. माहेरी आली ती परत सासरी गेली नाही. सासू बाकावर बसून सगळं बघत होती. ती एक शब्द बोलली असती तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती.

आता भूमेश्वरी तिरोड्याच्या एका खासगी शाळेत शिकवू लागली होती. शिक्षिकांच्या खोलीत ती शिरली की बोलणं थांबायचं. बाजारात बायका तिच्या गळ्याकडे बघायच्या, मग तोंडाकडे. तिने तीन महिने सोसलं. मग एका रविवारी ताडपत्री ओढून काढली, गरम पाणी आणि ब्लेड घेऊन मागच्या काचेवर बसली, आणि 'बिसेन' खरवडून काढलं.

"हे काय करून राह्यली वं?" शामकला धावत आली. "इकाची हाय ना?"

"इकाची नाही. कागद माह्या नावावर हायेत. चालवाची हाय."

"अवो, मग तशीच चालव! दिसली तरी दिसू नये अशी."

तिथेच भूमेश्वरीचं ठरलं. दिसू नये अशी? आता तर अशी करीन की आंधळ्यालाही दिसली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती सोनाराकडे गेली, कपाटात पडलेलं मंगळसूत्र मोडून आली. त्याच आठवड्यात मिस्त्रीकडून गाडी चालू करून घेतली आणि टायरमध्ये जेवढी हवा राहील तेवढ्या हवेवर, जपत जपत ती गोंदियाला नेली.

टेकचंदचं कार डेकोरेशनचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. त्याने आधी गाडीकडे, मग तिच्यामागे कोणी उतरतंय का ते पाहिलं. "भैया नहीं आए?"

"कोणता भैया?"

"मतलब, गाडी के मालिक."

"मालिक तुमच्यासमोर उभी आहे."

त्याने घाईघाईने फुलाफुलांची सीट कव्हरं काढली, आरशाला लटकवायचं टेडी बेअर काढलं. भूमेश्वरीने ते बाजूला सारलं आणि भिंतीवर टांगलेल्या मॅग व्हीलकडे बोट दाखवलं. "ती चाकं. रुंद टायर. मागे पंखासारखा स्पॉयलर, दारांखाली साइड स्कर्टच्या पट्ट्या. आणि रंग नारंगी."

"नारंगी? मॅडम, सिल्व्हर लीजिए. लेडीज लोग सिल्व्हर लेते हैं."

"म्हणूनच नारंगी."

टेकचंद हसला, पण धंद्याचा माणूस होता. खरं तेही सांगितलं. "स्कर्ट से गाडी नीचे हो जाएगी. आपके तरफ के रोड पे घिसेगी."

"घासू द्या."

गाडी घरी आली तेव्हा गल्ली गोळा झाली. उन्हात चाकं झगमगत होती. शामकलाने कपाळाला हात लावला. मुन्नालाल गाडीभोवती एक चक्कर मारून आले, एका चाकाला बोट लावून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "ट्रकाचा रंग देल्ला." त्या रात्री ते शेतावरच झोपले. भूमेश्वरीला आईच्या कटकटीपेक्षा ते जास्त लागलं.

उन्हाळ्यात चुलतभाऊ ओमेश्वरचं लग्न निघालं. मुलगी गोरेगावकडची, आणि बिसेन मंडळी तिच्या नात्यातली. थोरले चुलते शालीकराम मुद्दाम घरी आले.

"बाई, तू बसमंदी बायांसंग ये. ते गाडी नोको आनू. तिकडचे लोक राहतीन, उगाच तमाशा होईल."

"तमाशा मी केला होता का, मोठे बाबूजी?"

शालीकरामांनी मुन्नालालकडे पाहिलं. मुन्नालाल जमिनीकडे बघत राहिले.

वरातीच्या सकाळी बस भरली. मुन्नालाल आणि शामकला बसमध्ये बसले. भूमेश्वरीने हिरवी साडी नेसली, गळ्यात काही घातलं नाही, आणि एकटीच अल्टो घेऊन बसच्या मागे निघाली. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या पुलावरून गाडी उतरताना खाली कडकन वाजलं. डावा स्कर्ट अर्धा निखळून रस्त्यावर घासत होता. बस पुढे निघून गेली. भूमेश्वरी रडायच्या बेतात होती. इथूनच वळावं, घरी जावं, असंही वाटून गेलं. मग बाजूच्या कुंपणाची लोंबकळती तार तिने पिळून पिळून तोडली, साडी खोचून रस्त्यावर गुडघे टेकले आणि स्कर्ट बांधला. हात काळे झाले, काठाला ग्रीस लागलं. तशीच ती मांडवापाशी पोचली आणि गाडी मागे कुठे न नेता, सगळ्यांच्या गाड्यांच्या रांगेत, अगदी पुढे लावली.

जेवणाच्या पंगती उठल्या तेव्हा तिलक चार मित्रांना घेऊन गाडीपाशी आला. तारेकडे बघून मोठ्याने हसला. बुटाने टायरला टोचलं आणि पाय तसाच टायरावर ठेवला.

"मस्त सजवली! चाकं कोनं घेऊन देल्ली? कोनी नवा भेटला का?"

मित्र खिदळले. पान खात उभी असलेली माणसं वळली. भूमेश्वरी हात धुवून येत होती. ती थांबली नाही, चालत त्याच्यासमोर आली.

"तूच देल्ली," ती म्हणाली, मांडवातल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात. "तुह्यं मंगळसूत्र मोडलं, त्याची हे चाकं आनली. गळ्यात होतं तवा काही कामाचं नव्हतं. आता रोज मले शाळेत नेऊन सोडते."

मग बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी फस्सकन हसलं, आणि ते आवरेचना. तिलकचं तोंड उतरलं. "जास्त बोलून राह्यली तू," म्हणत त्याने हात पुढे केला. मारायला की नुसता दाखवायला, कोण जाणे.

"पाय काढ टायरावरून."

हे भूमेश्वरी बोलली नव्हती. मागे मुन्नालाल उभे होते, खांद्यावरचा दुपट्टा हातात गुंडाळलेला. बैठकीतसुद्धा मान खाली घालून बसलेला माणूस. तो आता तिलककडे रोखून बघत होता. तिलकने आजूबाजूला पाहिलं. एकही माणूस त्याच्या बाजूला सरकला नाही. त्याने पाय काढला आणि मांडवाकडे चालू लागला.

बसचा हॉर्न वाजू लागला. शालीकराम घाईघाईने आले. "मुन्ना, चाल. बसमंदी बस. झालं तेवढं पुरे."

"बसमंदी जागा नाही," मुन्नालाल म्हणाले. परतीची बस अजून निम्मी रिकामी होती. खिडकीतून शामकला डोळे मोठे करून बघत होती. मुन्नालालनी अल्टोचं पुढचं दार उघडलं, धोतराचा सोगा सावरला आणि मुलीच्या शेजारी बसले.

भूमेश्वरीने चावी फिरवली. पहिल्यांदा गिअर पडलाच नाही. बापाने ते पाहिलं, पण स्टिअरिंगला हात लावला नाही की उतर म्हटलं नाही. समोर माणसांची दाटी होती.

"हॉर्न मार," ते म्हणाले. "लोक आपोआप सरकतेत."

तिने मारला.