देठाला बांधलेला दोरा

सासरेबुवांनी जेवणाशी उभा दावा मांडला होता. औषध गुमान घ्यायचे, पण घास पुढे आला की मान भिंतीकडे. शिवणकाम करणाऱ्या सुनेने एकदा विचारलंच, काय आवडेल? ते म्हणाले, "नाठाळ." ते बिचारीने स्वतःवर ओढून घेतलं आणि दिवसभर फुरंगटून बसली. नवऱ्याने मग खुलासा केला, की नाठाळ हा बाबांच्या लहानपणीच्या मळ्यातला टोमॅटो. वाटेल तेव्हा पिकायचा, म्हणून ते नाव. मळा विकला आणि बियाणंही गेलं. नवऱ्याने स्वतः तो कधी खाल्ला नव्हता.

बाजारात तो कुठला मिळायला! जुनं बियाणं राखणारी छोटी शेतं शोधून, वर्णन करकरून तिने तीन ठिकाणांहून पुड्या आणल्या. तिसऱ्या शेतावरच्या बाईने तर डबी उपडी केली. आता आपल्याकडेही बिया शिल्लक नाहीत म्हणाली.

खिडकीत कुंड्या मांडल्या, शेजारी सासऱ्यांची खाट सरकवली. पहिलं फळ बियाण्याचं, हा म्हाताऱ्याचा नेम. त्याच्या देठाला दोरा बांधायचा आणि ते झाडावरच पार लिबलिबीत होऊ द्यायचं. चाखायचं ते दुसरं. दोन शेतांच्या झाडांची दुसरी फळं त्यांनी चाखली आणि "हा नव्हे" म्हणून ताटली सारली.

तिसऱ्या पुडीतलं एकच रोप जगलं. त्याला एक फळ धरलं, आणि पानं आकसायला लागली. फळाला रंग चढला तोवर डॉक्टरांनी नातेवाइकांना कळवून ठेवायला सांगितलं होतं. म्हाताऱ्याने पान चुरगाळून हुंगलं. डोळे लकाकले.

"हाच का, बाबा?"

"वास तोच वाटतोय. चव घेतल्याशिवाय काय सांगू?"

ती सुरी आणि मीठ घेऊन आली.

"सुरी कशाला? दोरा आण."

"दुसरं फळ यायचं नाही, बाबा. झाड चाललंय."

"मग तर बांधायलाच हवा."

बिया काढून घेते, उरलेलं खा, अशी तिने गयावया केली. कोवळं बी रुजत नाही, म्हणाले. तिला त्यांचा संताप आला, रडूही आलं. भल्याभल्या गिऱ्हाइकांना गप्प करणारी ती, या मूठभर माणसापुढे तिचं काही चालेना. शेवटी तिने मशीनवरचा लाल दोरा तोडला आणि देठाला बांधला.

"सैल ठेव," ते समाधानाने म्हणाले.

फळ मऊ पडलं तेव्हा खाट रिकामी होती. तिने बिया धुऊन कापडाच्या तुकड्यावर पसरल्या. बोटाला लागलेला गर चाटून पाहिला. आंबट होता, मागून जरासा गोड.

"हाच का तो?" दारातून नवऱ्याने विचारलं.

तिने कापड उन्हात सरकवलं. बिया वाळल्यावर तिने पुडी बांधली, नाव घालायला पेन उघडलं, आणि तशीच बसून राहिली.