अंगठ्याएवढा दांडा

“बस म्हटलं तर बसत न्हाई, चा दिला तर घेत न्हाई. तीन डाव निरोप धाडला तवा कुठं चौथ्याला आलाय, आन् आता उंबऱ्याभाईर खुंट्यागत हुभा. ह्यो कुठला रिवाज रं?”

हरणाबाईनं कपबशी आपटावी तशी खाली ठेवली. निम्मा चहा बशीत आला. जोतीराम मेस्त्री तसाच उभा राहिला. टोपी त्याच्या हातात होती आणि घासूनपुसूनही बोटांच्या पेरांत ऑइलचा काळेपणा राहिलेलाच होता.

“हितंच बरं हाय, मामी.”

सोप्यात बाळासो भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात गळ्यात बांधलेला. मिलिटरीत नऊ वर्षं ट्रक हाकून आलेला हा पोरगा. त्या हाताकडं हरणाबाई बघायचीच नाही.

“आई, त्येला बसवायला बोलवलाय का हाकलायला?” बाळासो म्हणाला. “शेड आपल्या जाग्यात हाय. एवढं सांग, की उद्या पत्रं काढून जागा मोकळी कर. त्याच्यात एवढं काय हाय?”

खरं म्हणजे त्यात काहीच नव्हतं. पाटण रस्त्याच्या फाट्यावरची ती तीन गुंठं जागा हरणाबाईच्या नावावर होती. भूकंपाच्या साली जोतीरामचं घर पडलं, तेव्हा तिनंच त्याला तिथं शेड घालायला लावली होती. भाडं म्हणून काही घ्यायचं नाही, फक्त मामीनं हाक मारली की यायचं, एवढाच करार. बाळासो आणि तो एकाच साली मिलिटरीत भरती झाले, एक हाकायला गाडीवर बसला आणि एक दुरुस्तीला गाडीखाली. बाळासोच्या मोटारीला अपघात झाल्यापासून त्या शेडीत तीन आठवडे एकही गाडी आली नव्हती. गुळाच्या ट्रकवाल्यांनीसुद्धा तोंड फिरवलं होतं. शेड गेली की त्याला बायकापोरं घेऊन कुठंतरी परमुलखात जावं लागणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि हरणाबाईचा शब्द पडल्याशिवाय शेड जाणार नाही, हेही.

“मला एकच इचारायचंय ह्येला,” बाळासोचा आवाज चढला. “कराडचा मेस्त्री गाडीखाली शिरला आन् डोक्याला हात लावून भाईर आला. म्हणाला, एवढ्याशा गाडीला एवढा जाड रॉड? कुठल्या शान्यानं बसवला? मी तुझ्यावर सोडलं हुतं, जोत्या. तुला योग्य वाटंल त्यो टाक म्हनलो हुतो. म्हनलो हुतो का न्हाई?”

“म्हनला हुता.”

“मग?”

जोतीरामनं टोपीची घडी उलगडली आणि पुन्हा तशीच घडी केली.

“चुकलं माजं,” तो म्हणाला.

हरणाबाईनं पदर खांद्यावर ओढून घेतला, खाली पडला नव्हता तरी.

*

दिवाळी होऊन आठवडा झाला होता तेव्हा. सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याकडनं घेतलेली ती लहान काळी मोटार गावातली पहिलीच. बाळासो रोज सकाळी मनूला तिच्यातनं कोयनानगरला दवाखान्यात सोडायचा. मनू तिथं नर्स होती. सून नोकरी करते म्हणून हरणाबाई घरात कुरकुरायची आणि पाणवठ्यावर मिरवायची. पण पाटण सोडलं की रस्ता सापासारखा वळायचा, आणि प्रत्येक वळणाला गाडी अशी कलायची की मनू दाराला चिकटायची. चौथा महिना लागला होता. दवाखान्यात पोचेपर्यंत दोनदा गाडी थांबवून ती रस्त्याकडंला ओकायची.

जोतीराम म्हणाला, मागच्या दोन्ही चाकांच्या मधी एक पोलादी रॉड आडवा टाकू, गाडी कलायची कमी होईल. सांगलीहून त्यानं दोन रॉड करून आणले, दोन्ही टोकांना वाकवलेले. बाळासो त्या दिवशी गूळ घेऊन सांगलीच्या पेठेत गेला होता. गाडी शेडीत सोडून.

हरणाबाई एकटीच शेडीत गेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. दोन्ही दांडे तिनं उचलून बघितले, आधी डाव्या हातात, मग उजव्या. एक करंगळीएवढा. दुसरा अंगठ्याहून जाड.

“ह्यो,” ती म्हणाली.

“मामी, त्यो जादा हुतो. दोन आनलं, कारन हितं गाडीवर लावून बघितल्याशिवाय कळत न्हाई. बारका बरुबर बसतोय.”

“बारका? त्येच्यात काय बघायचंय?”

जोतीरामनं करंगळीएवढा दांडा शिकंज्यात आवळून धरला आणि पान्यानं पिळला. दांडा थोडा फिरला, पाना सोडल्यावर परत जागेवर आला. मग जाड दांडा धरला. दोन्ही हातांनी पान्याला लोंबकळला तरी दांडा जेमतेम हलला.

“बघा. ह्येचं काम वजन उचलायचं न्हाई, पिळायचं हाय. पिळंल तेवढाच त्यो चाकाला सांभाळून घेतो. जाड घातला की मागची बाजू ताठ हुती. गाडी कलत न्हाई, खरं हाय. पर वल्या रस्त्यावर मागनं घसरंल, आन् घसरायच्या आधी कळत न्हाई.”

हरणाबाईनं बघितलं ते एवढंच, की एक दांडा हातानं पिळतोय आणि एक पिळत नाही.

तिच्या नवऱ्याच्या हयातीत घरात चार बैलगाड्या होत्या. गाडीचा आस, दोन चाकांमधला दांडा, ती स्वतः निवडायची, सुताराला मधी बोलू द्यायची नाही. आस हातात जड लागला पाहिजे. तीस वर्षांत तिनं निवडलेला एकही आस उसाच्या ओझ्याखाली मोडला नव्हता. ही तिची सगळी विद्या, आणि या विद्येवर तिचं घर उभं राहिलं होतं.

“जो हातानं पिळतोय त्यो माज्या सुनंला काय सांभाळणार?” ती म्हणाली. “जाड टाक.”

“आवं मामी, ऐका जरा—”

“तू हुभा हायस ती जागा कुणाची रं?”

बराच वेळ जोतीरामनं पाना फडक्यानं पुसला. पुसायचं काही उरलं नाही तेव्हा तो गाडीखाली शिरला.

निघताना तिनं आत वाकून सांगितलं, “मी आले हुते हे बाळासोला बोलायचं न्हाई. बाईनं सांगितलं आन् मेस्त्रीनं बसवलं, म्हनून गाव दात काढंल.”

गाडीखालनं आवाज आला, “बरं.”

दोन महिने गाडी रुळावरनं चालल्यासारखी चालली. मनूचं ओकणं थांबलं. तिच्या अंगावर मूठभर मांस आलं. वळण आलं तरी बाळासोला ॲक्सिलरेटरवरचा पाय वर घ्यावा लागेना. जोतीराम त्याला एवढंच म्हणाला होता, पावसाळ्याआधी एकदा गाडी आण, जरा बदल करू. पावसाचं त्याच्या ध्यानात होतं. उसाचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

पौषात कारखान्याचा हंगाम भरात होता. फाट्यापुढच्या वळणावर बैलगाड्यांतनं पडलेला ऊस आणि पाचट चाकांखाली रगडून रस्त्याला चिकटलेलं, वर पहाटेचं दव. त्यावरनं गाडीचं शेपूट असं फिरलं, की बाळासोला स्टेरिंग उलटं मारायलाही सवड मिळाली नाही. गाडी मोरीवर आदळली. त्याचा हात मोडला. मनूच्या पोटातला मुलगा कराडच्या दवाखान्यात गेला. तिला पुन्हा मूल व्हायचं नाही, असं डॉक्टरांनी बाळासोला बाजूला घेऊन सांगितलं होतं. बाळासोनं ते आईला सांगितलं. मनूला अजून कुणी सांगितलं नव्हतं, पण ती नर्स होती.

*

“चुकलं म्हणून भागतंय व्हय?” बाळासो उठू लागला. “माजं पोर गेलं, जोत्या!”

“व्हय.”

“व्हय काय म्हनतोस? का टाकलास एवढं तरी सांग!”

जोतीरामनं मान वर केली नाही. हरणाबाईच्या दिशेनं तर नाहीच. तेच तिला सोसेना. कुणी चारचौघांत तिच्यावर चिखल उडवला असता, तर तिनं त्याला उभा-आडवा सोलला असता. हा काही उडवतच नव्हता. सगळं आपल्याच अंगावर घेऊन उभा होता आणि तिच्या दारातला चहासुद्धा घेत नव्हता.

आतनं मनूची हाक आली.

“आत्याबाई, जरा कूस बदलून देता का?”

हरणाबाई आत गेली. मनूच्या पाठीखाली एक हात आणि ढोपराखाली एक हात घालून तिनं तिला भिंतीकडं वळवलं. पाठीचे मणके बोटांना लागत होते. उशी सारखी केली, गोधडी वर ओढली. एवढं झाल्यावर जायला हरकत नव्हती, पण ती गोधडीचा काठ दाबत राहिली.

“मेस्त्री आल्यात न्हवं?” मनू भिंतीकडं बघूनच म्हणाली.

“व्हय.”

“त्यांना म्हनावं, ऱ्हावा. त्यांनी काय मुद्दाम केलं न्हाई.” मग थोडं थांबून, “ह्यांना माजं ऐकू येत न्हाई हल्ली. तुमी सांगा. तुमचं ऐकत्यात सगळी.”

हरणाबाईनं काठ सोडला. कोपऱ्यातल्या घागरीतनं तांब्याभर पाणी घेतलं, उभ्यानंच घोटभर प्यायली आणि बाकीचं तसंच ठेवून बाहेर आली.

सोप्यात कुणी हललं नव्हतं. तिनं पदर कमरेला खोचला आणि उंबऱ्याच्या आत, जोतीरामच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

“दोन रॉड हुतं का न्हाई शेडीत?”

जोतीरामनं पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं.

“मामी, ऱ्हाऊ द्या.”

“इचारलं तेवढं सांग. दोन हुतं?”

“हुतं.”

“त्यातला जाड कुनी उचलला?”

“मामी, जाऊ द्या म्हनतो. झालं ते—”

“कुनी?”

जोतीरामच्या हातातली टोपी खाली पडली. ती उचलायला तो वाकलाही नाही. बाळासो भिंतीपासून सुटून ताठ बसला. आधी जोतीरामकडं, मग हळूहळू आईच्या पाठीकडं त्याची नजर वळली.

“आई?” तो म्हणाला.

हरणाबाईनं मागं बघितलं नाही. आत कॉट करकरली. मनूनं स्वतःच कूस बदलायचा प्रयत्न केला असावा.

“तू मला पिळून दावलंस,” ती जोतीरामला म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, हुकमी. फक्त शब्दांच्या मधली जागा थोडी वाढली होती. “घसरंल म्हणून सांगितलंस. मला त्यातलं कळत न्हवतं. तुला कळत हुतं. कळत असून माजं ऐकलंस, तीन गुंठ्यासाठी. ही तुजी चूक, जोतीराम, आन् ती मी तुला माफ करनार न्हाई. शेड काढायची न्हाई. त्या फाट्यावरनं जाता-येता ती माज्या डोळ्याम्होरं ऱ्हायला पायजे, मी जित्ती हाय तवर.”